माल्थसांचा विद्यार्थी आणि वेळवंडीचे पाणी

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीचे एक कॉलेज होते. हिंदुस्थानात जाऊन कलेक्टर, न्यायाधीश, रेसिडेंट व्हायचे अशी मिसरूडही न फुटलेली मुले तिथे दोन वर्षे काढत. संस्कृत, फारसी, कायदा, गणित आणि त्यांच्या जोडीला इतिहास व अर्थशास्त्र. हे शेवटचे दोन विषय १८०५ पासून १८३४ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत एकाच माणसाने शिकवले. त्यांचे नाव थॉमस रॉबर्ट माल्थस. ‘पॉप्युलेशन’वर लिहिणारे म्हणून मुले त्यांना मागे ‘पॉप’ म्हणत. टाळू जन्मतः दुभंगलेला असल्याने त्यांचे उच्चार नीट उमटत नसत. तरी शांत, प्रेमळ आणि कोणाशीही वैर न धरणारा माणूस अशीच त्यांची ओळख त्यांच्याबरोबर राहिलेल्यांनी मागे ठेवली आहे.

जगाला माल्थस माहीत आहेत ते लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे. पुणे जिल्ह्याला मात्र ते भेटले मोजणीच्या साखळीतून आणि साऱ्याच्या पावतीतून. त्यांच्या वर्गात बसलेला एक तरुण इथे आला, इथल्या जमिनीचा हिशेब त्याने गुरूच्या पुस्तकातल्या रीतीने मांडला, आणि त्या हिशेबाने जिल्ह्याच्या पूर्व टोकाची, इंदापूरकडची गावे ओस पडली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत, हा हिशेब पोहोचला नाही, कारण तो मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानाचा. पण पुढे इंदापूरच्या जमिनीला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा ते याच डोंगरांतून न्यावे लागले. या दोन टोकांची गोष्ट एकत्र सांगितल्याशिवाय माल्थसांचे आपल्याकडचे चरित्र पुरे होत नाही, असे मला वाटते.

माल्थसांचा जन्म फेब्रुवारी १७६६ मधला, सरे परगण्यातल्या ‘द रूकरी’ या घरातला. वडील डॅनियल माल्थस हे रूसोचे निस्सीम चाहते. मूल जेमतेम तीन आठवड्यांचे असताना रूसो आणि डेव्हिड ह्यूम दोघे त्या घरी येऊन गेले. माणूस मुळात चांगला आहे, व्यवस्था सुधारली की तोही सुधारेल, हा विश्वास मुलाला घरातच मिळाला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात तो गणितात चमकला, १७८८ च्या परीक्षेत नववा आला, आणि पुढे धर्मोपदेशक झाला. सरेमधल्याच ओकवुड नावाच्या रानातल्या लहान चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली.

तिथली वस्ती गरीब. कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे, पावावर गुजराण, आणि चर्चच्या वहीत बाप्तिस्मे पुष्कळ, दफने थोडी. वडील जेवणाच्या टेबलावर गॉडविन आणि काँदोर्से या विचारवंतांनी रंगवलेल्या भविष्यातल्या सुखी समाजाबद्दल बोलत, आणि मुलाच्या डोळ्यांसमोर ती वही असे. बापलेकांच्या या वादातून १७९८ मध्ये एक निनावी पुस्तक निघाले. लोकसंख्येच्या तत्त्वावरचा तो निबंध लेखकाने बत्तिसाव्या वर्षी लिहिला आणि आयुष्यभर तो सुधारत राहिला. सहावी आवृत्ती १८२६ ची.

मुख्य मांडणी एका दमात सांगता येते. आडकाठी नसेल तर माणसे पंचवीस वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अन्न मात्र एकाचे दोन, दोनाचे तीन, तिनाचे चार अशा चालीने वाढते. दोनशे वर्षांत माणसे २५६ आणि अन्न ९ अशी तफावत पडेल. ती प्रत्यक्षात पडत नाही, कारण मध्ये अडसर येतात. दुष्काळ, साथी, युद्ध हे मृत्यू वाढवणारे; उशिरा लग्न करणे हा जन्म कमी करणारा. १८०३ च्या आवृत्तीत त्यांनी या दुसऱ्या अडसराला नैतिक संयम म्हणून मोठे स्थान दिले. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मात्र त्यांचा कायम विरोध होता. ती त्यांच्या लेखी अनीतीच होती. आज त्यांच्या नावावर जे खपते त्यातले निम्मे त्यांना मान्य झाले नसते, हे इथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

त्याच वाढीव आवृत्तीत हिंदुस्थान आणि तिबेटवर एक प्रकरण आहे. माल्थस हिंदुस्थानात कधी आले नाहीत. नॉर्वे, स्वीडन, रशिया, स्वित्झर्लंड त्यांनी स्वतः फिरून पाहिले आणि तिथल्या चर्चच्या वह्या चाळल्या, पण इथल्यासाठी त्यांचा मोठा आधार होता विल्यम जोन्स यांनी इंग्रजीत आणलेली मनुस्मृती. पुत्रप्राप्तीचे माहात्म्य, लग्नाची सक्ती, ब्रह्मचर्याची आणि संन्यासाची थोरवी, एवढ्यावरून त्यांनी इथल्या लोकसंख्येची गती ठरवली. ओकवुडच्या वहीवरून इंग्लंडकडे पाहणाऱ्या माणसाने हिंदुस्थानकडे स्मृतिग्रंथावरून पाहावे, ही त्यांच्या पद्धतीतली सर्वांत दुबळी जागा. ज्या मुलांना ते शिकवत होते त्यांच्या हाती इथली गावे जायची होती, म्हणून ही दुर्बलता केवळ विद्वत्तेची राहिली नाही.

माल्थसांचा दुसरा सिद्धान्त आपल्याकडे कमी बोलला जातो, तो खंडाचा. १८१५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांनीही जवळजवळ तेच मांडले. माणसे वाढली की चांगली जमीन पुरत नाही, मग हलकी जमीन कसावी लागते. सर्वांत हलक्या जमिनीवर खर्च जेमतेम निघतो. चांगल्या जमिनीवर त्याहून जे वर उरते तो खंड. तो शेतकऱ्याच्या मेहनतीचा नाही, जमिनीच्या कसाचा. तेव्हा तो कोणी घेतला तरी धान्याचा भाव चढत नाही आणि मजुरीही घटत नाही. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीत, बसलेल्या जेम्स मिल यांना यात मोठी सोय दिसली. हिंदुस्थानात जमिनीचा धनी सरकार. मग हा खंड सरकारने घ्यावा, कोणालाच इजा होणार नाही.

माल्थसांनी स्वतः इथे सावध केले होते. १८२० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहिले की आशियातल्या राजसत्ता जमिनीच्या मालकीच्या जोरावर वेळेआधीच आणि प्रमाणाबाहेर वसुली करतात. त्यात कसणाऱ्याचा नफा आणि मजुरी दोन्ही दबतात आणि शेती खुंटते. गुरूची शिकवण अशी दुपदरी होती. विद्यार्थ्यांबरोबर पुण्याला आला तो तिचा एकच पदर.

रॉबर्ट कीथ प्रिंगल हे त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांपैकी एक. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर इथला इंग्रजी कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टन यांचे धोरण जुन्या वहिवाटीला शक्यतो हात न लावण्याचे होते. पण सारा किती घ्यावा याला एकसारखे माप नव्हते आणि बाजीरावाच्या काळातल्या इजाऱ्यांनी, म्हणजे वसुलीच्या मक्त्यांनी, जुनी मापे विसकटून टाकली होती. हे माप शोधण्याचे काम पुण्याचे असिस्टंट कलेक्टर असलेल्या प्रिंगल यांच्याकडे आले. त्यांनी जमिनी मोजल्या, प्रतवारी लावली, पिकांचे अंदाज घेतले आणि १८२८ मध्ये अहवाल दिला. त्याप्रमाणे १८३० पासून पुणे जिल्ह्यात नवा आकार लागू झाला.

त्या हिशेबाची रीत एका समजुतीच्या उदाहरणाने पाहू. समजा, एका एकर जिराईत जमिनीत दहा रुपयांची ज्वारी झाली. बियाणे, बैल, औत, सुगीची मजुरी, घरच्या माणसांचे पोट मिळून सहा रुपये खर्च. उरले चार. हे निव्वळ उत्पन्न. यातला शेकडा ५५ हिस्सा सरकारचा, म्हणजे दोन रुपये तीन आणे. बाकीचा कुणब्याचा. कागदावर यात अन्याय दिसत नाही. उरलेल्यातूनच मागितले आहे.

पण हे चार रुपये कोणी पाहिले होते? प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पीक येते, बैल किती वर्षे टिकतो, कडब्याची किंमत काय धरायची, घरच्या बाईच्या खुरपणीचा दर काय लावायचा, हे सगळे अंदाज हजारो शेतांसाठी कारकून आणि मोजणीदार बसून लिहीत होते. हात ओला केला की जमीन हलकी ठरे, नाही केला की चांगली. शिवाय इंदापुरात चार वर्षांत एकदा धड पाऊस. ज्या साली ज्वारी पाच रुपयांचीच झाली, त्या साली खर्च सहाचा आणि वर सारा दोन रुपये तीन आणे. निव्वळ उत्पन्न उणे, सारा मात्र कायम. १८३० नंतर भावही पडले. वसुलीसाठी छळाचे प्रकार झाले, आणि लोकांनी आपल्याकडच्या लोकांनी नेहमी केले तेच केले. गाव सोडले. निजामाच्या हद्दीत गेले, जिथे पोट भरेल तिथे गेले.

इंदापूर ओस पडले ते माणसे फार झाली म्हणून नव्हे. जमीन पडीक होती आणि कसायला माणूस नव्हता. अन्न आणि तोंडे यांचे प्रमाण मांडणाऱ्या विद्येने शिकवलेल्या हिशेबातून असा प्रदेश तयार व्हावा, याची नोंद अर्थशास्त्राच्या इतिहासात ठळक अक्षरांत व्हायला हवी होती.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट हे लष्करी इंजिनियर यांना इंदापूरला धाडले गेले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमीन खणून पाहिली. मातीची खोली हाताने मोजली: उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, एक हात असेल तर दहा आणे, पाव हात असेल तर साडेचार. चुनखडी, उतार, पाणी साचणे असे दोष दिसले की त्या मानाने खालची प्रत. आणि आकार किती बसवायचा तो पुस्तकावरून न ठरवता, त्या तालुक्याने मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती भरला, भाव काय होते, बाजार किती लांब, हे बघून. हा आकार १८३६ पासून तीस वर्षांसाठी बांधून दिला. तेहतीस फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजचा सातबारा याच मोजण्यांच्या कुळातला. पळालेली माणसे परतली आणि पडीक शेते पुन्हा औताखाली आली. हेलीबरीतही फेर झाला. माल्थसांच्या जागी रिचर्ड जोन्स आले. हिंदुस्थानातला रयतेचा खंड हा इंग्लंडमधल्या खंडाहून वेगळाच प्रकार आहे आणि एकाचा नियम दुसऱ्याला लागत नाही, असे सांगणारे ते गृहस्थ.

आता पश्चिमेकडे वळू. कात्रजचा घाट उतरून, शिवगंगा आणि गुंजवणीची खोरी ओलांडून नीरेच्या काठी भोर. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद आणि हा मुलूख मिळाला. १८२० मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या जहागीरदारांशी वेगळे करार केले आणि भोर त्यांच्या घराण्यातल्या पंत सचिवांकडे राहिले. सातारा १८४८ मध्ये खालसा झाल्यावर भोर इंग्रजांचे मांडलिक संस्थान झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. आजचा वेल्हे तालुका यातल्या राजगड आणि प्रचंडगडाच्या, म्हणजे तोरण्याच्या, आसऱ्याने वसलेला. त्याला आता अधिकृतपणे राजगड हेच नाव मिळाले आहे.

या डोंगरांतली शेती प्रिंगल यांच्या रकान्यात बसली नसती. खाली ओढ्याकाठी बांध घालून केलेली भाताची खाचरे, ती थोडी. वर उतारावर वरकस जमीन. ती दोनतीन वर्षे नाचणी-वरईला घ्यायची आणि मग काही वर्षे तशीच टाकायची, झुडूप वाढू द्यायचे. भाताचे बी पेरण्याआधी राब भाजायचा. माघ-फाल्गुनापासून बाया-माणसे रानात जाऊन ऐन-किंजळाचा टहाळ तोडून आणत, रोपाच्या जागेवर तो पसरत, वर शेणकूट, पालापाचोळा, त्यावर मातीचा पातळ थर, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याची दिशा बघून पेटवून देत. राखेत बी फेकायचे, पाऊस धरला की रोप हातभर व्हायचे, आणि मग गुडघाभर चिखलात लावणी. एका खाचरामागे एवढे रान लागे. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ते रान रिकामे दिसे, आणि टाकलेली वरकस पडीक. गावाला दोन्ही पोटाला लागत. जंगल खात्याने ब्रिटिश मुलखात गायराने आणि राने गिळली, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ साली केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अशीच शेती होती. इतक्या जमिनीवर इतकी माणसे, असे भागाकाराने ठरवायला निघालेल्याने आधी भाज्य काय धरायचे ते या डोंगरात येऊन विचारावे.

१८७६ चा पाऊस गेला. दख्खनच्या पूर्व भागात त्याच्या आदल्याच वर्षी सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत सावकारांची दप्तरे जळली होती. सारा रोखीने आणि ठरल्या दिवशी भरायचा म्हणून कुणबी सावकाराच्या दारात उभा, आणि नवी कोर्टे सावकाराच्या बाजूने. विंगेट यांनी हा धोका १८५२ मध्येच सांगून ठेवला होता. दुष्काळ आला तेव्हा घरात कणगी रिकामी होती. बाजारात धान्य होते, हिंदुस्थानातून गहू बाहेर जातही होता. मजुराच्या कनवटीला पैसा नव्हता. व्हाइसरॉय लिटन यांनी विधिमंडळात लोकसंख्या अन्नापेक्षा भराभर वाढते हेच कारण पुढे केले. दुष्काळाच्या कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढेच पुरे, असे दुष्काळाच्या कामांची पाहणी करायला सरकारने धाडलेल्या रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये ठरवले. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यातल्या कामांवरचे उपाशी मजूर काम टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे गावोगावची माहिती जमवून सरकारला कळवत राहिले. सिद्धान्ताने माणसाला किती कठोर करता येते हे पाहायचे तर त्या मजुरीच्या दराकडे पाहावे. माल्थस हयात असते तर त्यांनी तो मान्य केला असता की नाही, याची चर्चा निष्फळ आहे. तो ठरवणाऱ्या पिढीच्या अंगवळणी पडलेली भाषा त्यांचीच होती.

त्या दुष्काळातच नीरेच्या डाव्या कालव्याचे काम पुढे आले. पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्याला पाणी द्यायचे तर ते साठवायला जागा हवी, आणि ती सापडली भोर संस्थानात, वेळवंडी नदीवर, भाटघरला. वीरच्या बंधाऱ्यातून कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. भाटघरच्या पहिल्या धरणाच्या पाठीमागचे तळे व्हायटिंग या इंजिनियराच्या नावाने ओळखले जाई. पुढे त्याच्या खालच्या अंगाला त्याहून खूप मोठे लॉइड धरण बांधले गेले, १९२८ मध्ये पुरे झाले, आणि जुने धरण त्याच्या पोटात गेले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे.

खाली ऊस उभा राहिला. चार वर्षांत एकदा धड पीक घेणारा मुलूख साखर पिकवू लागला. अन्न पायरी पायरीनेच वाढते या माल्थसांच्या सूत्राला इंदापूर-बारामतीच्या कालव्याने दिलेले हे उत्तर होते. पण त्या उत्तराची किंमत वेळवंडीच्या खोऱ्याने भरली. खाचरे तळाच्या सपाटीवर होती, तीच आधी बुडाली. उतारावरची वरकस राहिली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे जुने देऊळ चिखलातून वर येते, आसपासची माणसे दर्शन घेऊन येतात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जाते.

याच दोन धरणांच्या मधल्या काळात भोर संस्थानाने आपल्या इतिहासातला एक भयंकर आकडा पाहिला. १९०१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या १ लाख ३७ हजार २६८ भरली. आदल्या दहा वर्षांत ती १२ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे अठरा हजारांच्या आसपास माणसे वजा. १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि दोन्हींच्या मध्ये पुण्यामुंबईहून पसरलेली प्लेगची साथ. कोणी मेले, कोणी पोटामागे निघून गेले. माल्थसांचे दुष्काळ आणि साथ हे दोन्ही अडसर एका दशकात एका लहान संस्थानावर चालून आले.

वरवर पाहता हा त्यांच्या सिद्धान्ताचा दाखलाच वाटतो. भागाकार करून पाहू. संस्थानाचे क्षेत्र ९२५ चौरस मैल. दर चौरस मैलाला १४८ माणसे. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये दर चौरस मैलाला साडेपाचशेहून अधिक माणसे राहत होती, आणि तिथे दुष्काळ पडला नाही. डोंगराची जमीन इंग्लंडच्या जमिनीइतकी पोसत नाही हे खरे. पण इंग्लंडही आपल्या जमिनीवर जगत नव्हतेच. ते कारखान्यांवर, जहाजांवर आणि बाहेरून आणलेल्या गव्हावर जगत होते. भोरच्या माणसाला ती सोय नव्हती. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानड्यांनी हेच सांगितले होते की इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम त्या देशाच्या परिस्थितीतून निघाले आहेत, ते सर्वत्र लागू धरणे चूक आहे. हिंदुस्थानचे दुखणे उद्योग बुडून सगळा भार शेतीवर पडण्यात आहे. दादाभाई नवरोजी दारिद्र्याचे कारण देशाबाहेर वाहणाऱ्या संपत्तीत दाखवत होते. या दोघांना आकडे वाचता येत होते, आणि त्या आकड्यांमागची माणसे ओळखीची होती.

१९११ ते १९२१ या दशकात अख्ख्या देशाची लोकसंख्या घटली; १९१८ च्या इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे नेली. आणि ज्या १९२१ साली ही घट मोजली गेली त्याच साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. देशात माणसे कमी होत असताना कर्वे संततिनियमन सांगत होते, म्हणजे त्यांचा प्रश्न तोंडे आणि अन्न यांच्या गुणोत्तराचा मुख्यतः नव्हताच. तो बाईचा होता: लागोपाठच्या बाळंतपणांत झिजणाऱ्या, नको असताना गर्भार राहणाऱ्या बाईचा. माल्थस ज्या साधनांना अनीती म्हणत तीच कर्व्यांनी उघडपणे समजावून दिली. १९२५ मध्ये त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. पत्नी मालतीबाई कमावत होत्या म्हणून घर चालले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान तुकड्यांच्या शेतीवर लिहिताना जमिनीवरचा माणसांचा भार हटवायला उद्योगधंदे हवेत असे म्हटले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आला. आंबेडकर हजर नव्हते, त्यांचे भाषण त्यांच्याच पक्षाचे रोहम यांनी मांडले. ठराव मोठ्या फरकाने पडला. गरिबाला आणि बाईला आपल्या संसाराचा आकार ठरवता यावा, ही मागणी त्या सभागृहाला झेपली नाही. १९५२ मध्ये स्वतंत्र भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा कर्वे हयात होते.

मार्च १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले, आणि भोर-वेल्ह्याचे डोंगर पुणे जिल्ह्यात आले. धरणे वाढत गेली: आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यात गुंजवणी, नीरेवर नीरा-देवघर. पुणे शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग वेल्ह्याच्या पावसाचा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर गेली. त्यात वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार, जिल्ह्यात सगळ्यांत कमी. कर्ती माणसे पुण्यात आणि मुंबईत, घरी म्हातारी, आणि वाडीवरच्या शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले.

त्यामुळे या तालुक्यापुढचा प्रश्न आता माल्थसांच्या नेमका उलट आहे. पट कमी म्हणून आसपासच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा एकत्र करून पानशेतला समूह शाळा सुरू झाली. मुलांना बसने तिथे नेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव सगळ्या जिल्ह्यांकडून मागवले, आणि त्या पत्रात नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर नमुना म्हणून नाव दिले ते पानशेतचे.